विघ्नव्रत

"मी दूध सोडलंय," असं मी जाहीर केलं तेव्हा सासूबाई जप करत होत्या. माळ थांबली नाही, पण मणी ओढणारं बोट उंबरठ्याशी ठेच लागावी तसं जरासं अडखळलं. "कुठे सोडलंस? काशीला?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्या घराण्यात खाण्याची वस्तू सोडायची ती काशीला, गंगेच्या साक्षीने, आणि सोडायची ती आवडती. चुलतसासूबाईंनी तिथे कारलं सोडलं. ते त्यांना जन्मात आवडलं नव्हतं, पण गंगेकडे चौकशीची सोय नसल्यामुळे पुण्य बिनबोभाट जमा झालं. सासूबाईंनी मात्र सीताफळ सोडलं, आणि ते त्यांना खरोखरच आवडायचं. अजूनही हंगामात खाली हातगाडीवाल्याची आरोळी आली की त्या गॅलरीतून आत येतात आणि उगाचच समई घासायला घेतात. तेव्हा त्यांच्यासमोर त्यागाच्या गोष्टी करताना माणसाने जपून बोलावं. "काशीला नाही, इथेच, डोंबिवलीत," मी पुटपुटले. "आणि नुसतं दूध नाही. दही, ताक, लोणी, तूप, मधसुद्धा. व्हीगन म्हणतात याला." "विघ्न?" त्या म्हणाल्या. मग माळ कपाळाला लावून त्यांनी एकच व्यवहारी प्रश्न केला, "बरं. उद्यापन कधी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. आपल्याकडच्या सोडण्याला केवढा सुरेख आकार असतो! सोळा सोमवार सतराव्या सोमवारी सुटतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचा, तर आधी कांदेनवमीला कांद्याची भजी, कांद्याची भाजी, कांद्याची थालीपीठं असा त्याला साग्रसंगीत निरोप द्यायचा, आणि चार महिन्यांनी तो माहेरवाशिणीसारखा परत येतोच. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडली की सारा गाव त्याला मटणाचा आग्रह करायचा थांबतो. ती तुळशीची माळ त्याच्या वतीने आयुष्यभर बोलत राहते. माझ्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज काही नव्हतं आणि ते या विषयावर गप्प होतं. "आज उपास आहे" एवढं म्हटलं की मराठी माणूस पुढे एक अक्षर विचारत नाही, उलट दाण्याचा लाडू आणून देतो. पण "मला म्हशीचं वाईट वाटतं" म्हटलं की तोच माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग झाडांना जीव नसतो का?"

म्हशीचं वाईट वाटण्याची गोष्ट जुनी आहे. मामाच्या गावी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सकाळी रेडकू धरायचं काम माझ्याकडे होतं. आधी रेडकाला सोडायचं, ते धावत जाऊन आचळांना ढुशा द्यायचं, म्हैस पान्हवायची, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला ओढून बाजूला खुंटाशी धरून ठेवायचं. मामाच्या चरवीत धारांचा आवाज आधी टणटण आणि मग फेस चढेल तसा घुमा होत जायचा, आणि रेडकू एवढा वेळ माझं मनगट चाटत उभं असायचं. खरखरीत, गरम, ओली जीभ. मला वाटायचं, त्याचा माझ्यावर लोभ आहे. म्हैस व्यायली की चिकाचा खरवस व्हायचा, वेलदोड्याचा, गुळाचा, आणि त्याची पहिली वडी रेडकू धरणाऱ्याला मिळायची. पुढे सत्तावन्नाव्या वर्षी, बँकेतून निवृत्त झाल्यावर एका दुपारी स्टेशनजवळून आणलेला खरवस खाताना एकाएकी माझ्या मनगटाला ती जीभ लागली. बस, एवढंच. माझ्या परिवर्तनामागे पुस्तक नाही, माहितीपट नाही, डॉक्टरांची तंबीही नाही. पन्नास वर्षं उशिरा मला एवढंच कळलं होतं की ते लोभाने चाटत नव्हतं, भुकेने चाटत होतं. खरवस मात्र मी संपवला. खोटं कशाला बोला?

त्यानंतरचे दोन महिने मी असह्य होते. नवं व्रत आणि नवं नातवंड यांबद्दल माणसाने कमी बोलावं हा नियम मी पाळला नाही. पाहुणे चहाचा कप ओठाला लावत असताना मी त्यांना भारत 1998 पासून दूध उत्पादनात जगात पहिला कसा आहे आणि त्यातली निम्मी पाप-पुण्याची जबाबदारी आपल्या चहाकडे कशी जाते, हे सांगत असे. (निम्मी हा आकडा माझ्या पदरचा.) पाहुणे कप खाली ठेवीत आणि दुसऱ्या खेपेस येत नसत. शेजारच्या वहिनींकडे सत्यनारायण होता तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. तीर्थ म्हणजे पंचामृत, आणि पंचामृताचं माझं गणित सोपं होतं: दूध, दही, तूप, मध ही चार अमृतं गेली, उरली साखर. प्रसादाचा शिराही सव्वा मापाच्या तुपातला. वहिनींनी काळजीने माझा हात धरला. प्रसाद न घेता धावलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडाल्याची कथा नुकतीच सगळ्यांनी ऐकली होती, आणि आमच्या यांची नौका म्हणजे सव्वाआठची लोकल. सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात टेकत पुढे आल्या आणि आपला सुरकुतलेला तळहात माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "तिचं व्रत चालू आहे. तिच्या वाटचा मी घेते." मग मला नैवेद्याच्या ताटातलं एक केळं दिलं. नौका बुडाली नाही. लोकल त्या दिवशी फक्त वीस मिनिटं उशिरा आली, आणि त्यात दैवी असं काहीच नव्हतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ज्या बाईच्या सोवळ्याओवळ्याला मी लग्नानंतरची दहा वर्षं मनातल्या मनात चिडत होते, तिच्यासारखी सोबतीण मला साऱ्या मुंबई इलाख्यात मिळाली नसती. वेगळं भांडं, वेगळा चमचा, याचा डाव त्यात घालायचा नाही, हे त्यांच्या रक्तातच. माझ्या आमटीत तुपाचा चमचा पडू नये म्हणून त्यांनी फडताळाचा एक कप्पा रिकामा केला, आणि त्या कप्प्यावर, पूर्वी लोणच्याच्या बरणीवर ठेवत तशी, त्यांची करडी नजर असे. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका दुधाला हरकत घेत नाही. 2022 साली सरकारने व्हीगन पदार्थांसाठी निराळं चिन्ह ठरवलं, हिरवा व्ही आणि वर इवलंसं रोप, पण आमच्या वाण्याकडच्या बिस्किटांना ते अजून फुटलेलं नाही. त्यामुळे सासूबाई पोथी वाचायचं भिंग घेऊन बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचतात. गुरुचरित्राच्या ओवीला लावतात त्याच सुरात एकेक घटक उच्चारतात, आणि दुधाची भुकटी लागली की अध्याय संपल्यासारखा पुडा मिटून नातवाकडे सरकवतात. दाण्याच्या दुधाचं दही लागेना म्हणून मी हैराण झाले होते. विरजण घालायचं तर ते दह्याचंच, म्हणजे पुन्हा म्हैस आलीच. त्या म्हणाल्या, "अगं, मिरचीचे देठ टाक. बिऱ्हाड बदललं, नव्या गावात शेजार नाही, विरजण नाही, की आम्ही तेच करायचो." दुसऱ्या दिवशी वाटीत दही होतं. जरा दाणकट, जरा हट्टी, पण दही.

अशी सोबत मिळाली नाही तर माणसाला वर्गणीदार गोळा करावे लागतात. 1944 सालच्या नोव्हेंबरात, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडातल्या डोनल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी तेच केलं. दूध-अंडी न खाणाऱ्या मूठभरांसाठी त्यांनी एक छोटं वार्तापत्र काढलं, किंमत दोन पेन्स, वर्गणीदार सुमारे 25, आणि 'व्हेजिटेरियन' या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून मधलं पोट काढून टाकलं, तेव्हा 'व्हीगन' झाला. रेशनच्या दिवसांत, स्वतःहून आणखी थोडं न खाण्यासाठी पंचवीस माणसं एकमेकांना शोधत होती, हे चित्र मला फार आवडतं. त्याच्याही आधी, 1912 साली, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं ते एकट्याने नाही, कॅलनबाख नावाच्या मित्राबरोबर. दोघं होते म्हणून सोपं गेलं असावं. पुढे 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात हिंडता हिंडता गांधीजी आमांशाने अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, दुधाखेरीज अंगी ताकद येणार नाही. गांधीजी ऐकेनात. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेतलंत ते गाईम्हशीच्या दुधाचं, शेळीला काय हरकत? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं आणि व्रताचे शब्द राखले, आत्मा गेला, ही टोचणी आत्मकथेत नोंदवून ठेवली. मला या गोष्टीत नेहमी कस्तुरबा दिसतात. तत्त्वाची भिंत सरळ उभी आहे, आणि ही बाई तिच्या कडेकडेने जाऊन नेमकी शेळीएवढी फट शोधते आहे. माणूस मरू नये म्हणून. त्याला तत्त्वच्युती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझे पंचवीस वर्गणीदार म्हणजे एक अंगतपंगत. महिन्यातल्या एका रविवारी ठाण्यातल्या एका बागेत दहाबारा जण आपापला डबा घेऊन जमतो. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, सगळे चेहरे गंभीर असतील, कोरडे, शिळ्या भाकरीसारखे. निघाले भलतेच. दंडावर शेळी गोंदवून घेतलेला एक मुलगा होता, त्याने येताच माझ्या पाया पडून माझी पंचाईत केली. एक जैन बाई होत्या. त्यांना बटाटा चालत नाही, मला तूप, आणि तिसऱ्या बाईंची त्या दिवशी एकादशी. तिघींना मिळून चालेल असा पदार्थ शोधता शोधता आम्ही काकडीपाशी येऊन थांबलो आणि मैत्रिणी झालो. सगळ्यात श्रीमंत डबा निघाला तो एका मालवणी पोराचा. त्याने मासे सोडले तेव्हा त्याच्या आईने म्हणे तीन दिवस डोळ्यांना पदर लावला, चौथ्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि म्हणाली, सोमवार समजायचा, रोज सोमवार. मी ते सांबारं खाल्लं, फणसाची भाजी खाल्ली, वर वाटीभर सोलकढी प्यायले, आणि मला जरा लाजच वाटली. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहाराचा टेंभा मिरवणारं आमचं स्वयंपाकघर तुपादुधात बुडालेलं, आणि ज्यांना आम्ही नाकं मुरडली त्या मासे खाणाऱ्या घरात दुधाची सगळी कामं नारळ कधीचा निमूट करत आला होता.

यांच्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, पण ते थोडं मोठं आहे. यांनी एका शब्दाने विरोध केला नाही, एका शब्दाने पाठिंबाही दिला नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना सोयाच्या दुधाचा डबा आणला, स्वतः चहा टाकला, उकळत्या चहात ते दूध ओतलं, आणि ते पार फाटून त्याचे ढगासारखे पुंजके झाले. दोघांनी तो चहा प्यायला. "छान आहे," हे म्हणाले. तेहतीस वर्षांच्या संसारात यांनी इतकं उघडं खोटं दुसऱ्यांदा बोललेलं मी ऐकलं. पहिलं माझ्या गाण्याबद्दलचं होतं.

गेल्या भाद्रपदात ऋषिपंचमी आली. आता सासूबाईंना ओट्याशी उभं राहवत नाही, म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मक्याची कणसं अशी माझ्याकडून ऋषीची भाजी करवून घेतली. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरल्या शेतातलं नको, परड्यात हातांनी लावलेलं चालेल. मी भोपळा चिरत असताना त्या मध्येच म्हणाल्या, "वर्षातून एक दिवस बैलाला सुट्टी दिली आम्ही. म्हशीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही बघ." मग ताटं वाढली. त्यांनी वरईच्या भातावर तूप घ्यायला वाटी उचलली, जरा थांबल्या, आणि घेतलं. बेतानं घेतलं, पण घेतलं. मला बरं वाटलं. त्यांच्या सीताफळाइतकं सोडणं त्यांनी केलेलं आहे. त्या तूप घेतात, रोज रात्री पेलाभर दूध पितात, आणि तरीही डॉक्टरांनी त्यांनाही मला दिली तीच बी-12ची गोळी लिहून दिली आहे. ती मी शनिवारी घेते, माझ्या लक्षात राहत नाही म्हणून त्याही शनिवारीच घेतात. मारुतीला तेल वाहून झालं की दोघी पाण्याचे पेले घेऊन समोरासमोर बसतो आणि लालचुटूक गोळी तीर्थासारखी तळहातावर धरून एकदमच तोंडात टाकतो.

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला. "दोन वर्षं होत आली तुझ्या विघ्नाला. उद्यापन करायला हवं." मी म्हटलं, "आई, याला उद्यापन नसतं हो." "असं कसं नसतं? तू व्रत चालू ठेव, पण माणसं तरी जेवू घालायला नकोत?" आणि बोटांवर मोजायला लागल्या: ती बटाटा न खाणारी, तो रोज सोमवारवाला, त्याची आई, एकादशीची ती, आणि तो बकरीवाला मुलगा, त्याला गोंदणाचं काही विचारू नकोस, जेवू दे पोटभर. गोडाला नारळाच्या रसातली शेवयांची खीर ठरली. "नारळ मात्र हलवून, पाणी ऐकून आण," त्या म्हणाल्या, "मागच्या खेपेचा खवट निघाला होता."