लॅपटॉपची फेरफार नोंद

लॅपटॉप रीसेट करण्याचे हे काम नवतपात करू नये. २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत नागपुरात माणूसच आपोआप रीसेट होत असतो; त्यात तापलेला जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणे हा निव्वळ अविचार. मी बसलो होतो, म्हणून सांगतो. तो कुलरच्या थेट झोतातही ठेवू नये. वाळ्याचा वास छान येतो, पण तासाभरात स्पेसबार सादळलेल्या पापडासारखा वागू लागतो.

सदर मार्गदर्शन ज्यांना कंपनीने नोकरी सुटताना रीतसर लॅपटॉप दिला त्यांच्यासाठी आहे. किंवा माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या 'फुल अँड फायनल'मधून साडेचार हजार कापून तो गळ्यात मारला गेला. ज्यांच्याकडे तो 'परत करायचा राहून गेला' आहे, त्यांनी पुढे न वाचता रिक्षा करावी आणि तो देऊन यावा. बाकीच्यांनी साडेचार हजारांची पावती जपून ठेवावी. का, ते कळेलच.

साहित्य: मूळ चार्जर, पेन ड्राइव्ह, चालू स्थितीतला इन्व्हर्टर आणि खोबरेल तेल.

आधी निवडणे. गहू निवडतो तसे आपले एकीकडे, कंपनीचे एकीकडे. माझ्या डेस्कटॉपवर मुलीची बारावीची गुणपत्रिका, फ्लॅटची इंडेक्स टू, मारबतीच्या मिरवणुकीचे सत्तर फोटो आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा नावांच्या अकरा एक्सेल फाइली निघाल्या. शेवटच्या अकरा कंपनीच्या. आठवण म्हणून त्या सोबत घ्याव्यात असे फार वाटते. घेऊ नयेत. परवानगीशिवाय माहिती उतरवून घेणाऱ्यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये कलम ४३ आहे. शिवाय ज्या साहेबांसाठी त्या केल्या, त्यांनीही त्या उघडल्या नव्हत्या.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'रीसेट धिस पीसी'. यंत्र विचारते, फाइली ठेवू की सगळे पुसू? सगळे पूस म्हणावे. भाडेकरू गेला पण त्याचा पलंग माळ्यावर राहिला, असले व्यवहार पुढे जड जातात. क्लाउडवरून विंडोज आणायची तर चार जीबीहून जास्त डेटा जाऊ शकतो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असलेल्यांनी 'लोकल रीइन्स्टॉल' निवडावे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधीच वहीत उतरवून घ्यावी. ती बहुधा जुन्या ऑफिसच्या खात्यात ठेवलेली असते आणि तुमचे ते खाते, शेवटच्या दिवशी केक कापून व्हायच्या आत बंद झालेले असते.

गोल फिरू लागले की उठून तर्री पोहे खाऊन यावे. मी ३१ टक्क्यांवर उठलो. तर्री दोनदा मागून घेतली, वर चहा झाला, आलो तेव्हा ३२ झाले होते.

संध्याकाळी यंत्र एकदम कोरे होऊन उठले. भाषा विचारली, देश विचारला, वायफाय मागितले. दिले. आणि पडद्यावर, ज्या कंपनीने मला निरोपाचा नारळ दिला होता, तिचे नाव ठळक अक्षरांत झळकले. सुस्वागतम! आपला ऑफिसचा ईमेल टाका.

मी परत रीसेट केले. परत सुस्वागतम.

शेवटी बर्डीवर एका दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. त्याने झाकण उघडले, दोन बटणे दाबली आणि डॉक्टरसारखा माझ्याकडे पाहू लागला. "काकाजी, फॉरमॅट मारून काही होत नाही. हे वरून बांधलेलं आहे. मी आज उडवून देतो, पण विंडोज टाकली का पुन्हा येऊन बसंल. कंपनीलेच म्हणा, काढून द्या." आणि पैसे घेतले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो.

प्रकार असा. या यंत्राचा अनुक्रमांक आणि त्याच्या अवयवांचा मिळून एक ठसा, कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या दप्तरात नोंदवलेला असतो. नोंद यंत्रात नाही, वर आहे; म्हणून डिस्क कितीही घासली तरी इंटरनेट मिळताच यंत्र वर विचारते, मी कोणाचे? आपल्याकडच्या माणसाला हे चटकन कळावे. खरेदीखत झाले, कब्जा मिळाला, तुम्ही नांगरूनही मोकळे झालात, पण सातबाऱ्यावर नाव जुन्याचेच. फेरफार झाल्याशिवाय तलाठी तुम्हाला ओळखत नाही, मग तुम्ही बांधावर कितीही उभे राहा.

तर मुख्य पायरी ही: जुन्या कंपनीकडून नोंद काढून घेणे. यासाठी तिकीट टाकावे लागते. तिकीट टाकण्यासाठी एम्प्लॉयी लॉगिन लागते. ते नसल्यास मदतीसाठी तिकीट टाकावे.

इथे पूर्वी कँटीनमध्ये कोणाकोणाला चहा पाजला ते आठवावे. मला एक आयटीवाला आठवला. त्याला अनुक्रमांक पाठवला, पावतीचा फोटो पाठवला. सहा दिवस दोन निळ्या खुणा. सातव्या रात्री साडेदहाला उत्तर आले, "काढलं सर. एकदा रीसेट मारा." तोवर मी दुपारभर झाकणावरचा बारकोडचा स्टिकर तेल लावून सोलत होतो. वरचा कागद गेला. खाली चंदेरी अक्षरांत 'व्हॉइड' तेवढे उरले, ते अजून आहे.

पुन्हा रीसेट. भाषा, देश, वायफाय. श्वास रोखून धरावा. या खेपेस सुस्वागतम नाही. यंत्राने अदबीने विचारले, मला काय नाव देता? दिले. मग म्हणाले, पासवर्ड ठरवा.

बोटे आपोआप चालली. दर नव्वद दिवसांनी बदलायला लावत, म्हणून मी शेवटचा आकडा फक्त एकाने वाढवत असे. नोकरी सुटली तेव्हा सदतीस चालू होता.

मी अडतीस टाकला.