दोन इमाम आणि एक ओटा

आमच्या घरात संध्याकाळचा चहा दोनदा होतो. त्याला इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई जबाबदार आहेत. मी कोल्हापूरची, म्हणजे हनफी. सासर दापोली तालुक्यातल्या खाडीकाठचं, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. लग्न जमवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मुलाचा पगार पाहिला, मुलीची उंची पाहिली, कुठल्या लांबच्या मामूला दम्याचा त्रास आहे हेसुद्धा काढलं. असरची नमाज कितीला पढता, हे मात्र कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

फरक सावलीचा आहे. माध्यान्हीची सावली वजा करून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. हनफी मंडळी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. मध्ये साधारण तासभर जातो. सासूबाई आपली नमाज उरकून, तसबीह गुंडाळून स्वयंपाकघराकडे बघतात, तेव्हा माझ्या इमामांची सावली अजून वाढतच असते. मग त्यांचा चहा. तासाने माझी नमाज, मग माझा चहा. माझं आधण उकळायला लागलं की आतून आवाज येतो, "अर्धा कप मला पण टाक गो." नवरा घरून काम करतो. त्याला दोन्ही इमाम सारखेच पूज्य असल्यामुळे तो दोन्ही वेळा चहा पितो.

इमाम अबू हनीफा 767 साली गेले आणि त्याच साली इमाम शाफईंचा जन्म झाला. म्हणजे दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नाही. ती रोज पुण्यात, कोंढव्यातल्या आमच्या ओट्यावर पडते.

चहाचं एक वेळ निभतं. खरी परीक्षा मासळीची. हनफींच्या मते समुद्रातून आलेलं फक्त मासा या सदरात बसेल तेवढंच खायचं. शाफईंना समुद्राचं जवळजवळ सगळं चालतं. कोळंबी मासा आहे की नाही, यावर आमच्या उलेमांतच दोन तट आहेत. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या हातचं कोळंबीचं कालवण समोर आलं, आमसूल घातलेलं, ओल्या खोबऱ्याचं, लालसर. त्याचा वास नाकात शिरताक्षणी मी कोळंबीला मासा मानणाऱ्या तटात सामील झाले. इतक्या कमी वेळात धर्मशास्त्रातला एवढा मोठा प्रश्न क्वचितच सुटला असेल.

तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, मात्र कुठल्याच बाजूने मासा म्हणता येईना. त्या दिवशी मला अंडा करी मिळते, आणि सोबत सासूबाईंचं मार्गदर्शन.

"शिंपल्या बाजूला काढते, नुसता रस्सा घे."

"अम्मा, तसं नाही चालत."

"तुझे इमाम कुठले गो?"

"कुफ्याचे. इराकमधले."

"तिथं समुद्र हाय?"

नवऱ्याने तत्परतेने मोबाइलवर नकाशा काढला. कुफा समुद्रापासून पुष्कळ आत, नदीच्या अंगाला. इमाम शाफई जन्मले गाझात, म्हणजे थेट किनाऱ्यावर. "मंग? आमच्या इमामांना ठाव होतं मासं काय असतंय ते," असं म्हणून सासूबाईंनी बारा शतकांचा वाद निकालात काढला आणि तिसऱ्यांचा वाडगा स्वतःकडे ओढला.

याच न्यायाने पाहायचं तर कोल्हापूरला समुद्रही नाही आणि इमामही नाहीत. आहे तो मटणाचा रस्सा, तांबडा आणि पांढरा. माहेरी कांदा-लसूण मसाल्याची बरणी कुराणशरीफखालोखाल जपून ठेवली जाते. एक अगदी वरच्या फळीवर, दुसरी तिच्या खालच्या. सुकं खोबरं भाजल्याशिवाय आमच्याकडे वाटण होत नाही. इथे नारळ ओलाच पाहिजे, आणि तोही कोकणातून एसटीने आलेला. मी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण केलं की सासूबाई खोकतात. खोकला खरा असतो, कारण मिरचीही कोल्हापूरची असते. पण तो माहेरापर्यंत पोचावा इतका मोठा काढायची गरज नसते. नंतर त्याच रश्शात तांदळाची भाकरी बुडवून त्या दोनदा वाढून घेतात आणि म्हणतात, "तिखट हाय." हे कौतुक आहे हे कळायला मला एक बाळंतपण लागलं.

बाळंतपणावरून रमजान. पाजत्या आईला आपल्या आणि लेकराच्या तब्येतीची काळजी असेल तर रोजा न धरण्याची सवलत आहे; नंतर सवडीने तेवढे रोजे भरून काढायचे. अल्लाहने सवलत अगदी स्पष्ट दिली आहे. त्यात भज्यांचा उल्लेख नाही. म्हणजे रोजा नसला तरी इफ्तारची भजी, समोसे, फ्रूट चाट, खजुरांच्या बिया काढणं, रूहअफजाचा जग आणि तो सांडल्यावर फरशी, हे सगळं चालूच राहतं. भरून काढण्याच्या बाबतीतही इमाम इथे एकत्र आले नाहीत. माझे म्हणतात, नुसते रोजे भरून काढ. त्यांचे म्हणतात, लेकराच्या काळजीपोटी ठेवले नसतील तर रोजे भरून काढच, शिवाय रोजामागे एका गरिबाच्या जेवणापुरतं धान्यही दे. सासूबाईंनी वाद घातला नाही. महिनाभर रोज एक वाटी तांदूळ वेगळ्या डब्यात काढत गेल्या आणि डब्यावर माझं नाव टाकलं. कोकणी माणूस दुसऱ्याच्या हिशेबात कधी तूट राहू देत नाही.

रोजा नसल्याचा एक फायदा असा झाला की मी घरातली अधिकृत मीठ चाखणारी ठरले. ही बातमी इमारतीत पसरली. असरनंतर वरच्या-खालच्या मजल्यांवरून पोरं वाट्या घेऊन यायची. "आंटी, अम्मीने पूछा नमक बराबर है क्या?" हलीम, खिमा, दहीवडे, कुणाची तरी फसलेली खीर. मगरीबची अजान होईपर्यंत माझं पोट भरलेलं असायचं आणि दस्तरखानावर सगळे माझ्याकडे दयेने बघायचे, बिचारी काहीच खात नाही म्हणून.

खायचं मात्र लपून. घरात सगळे रोजेदार असताना समोर बसून खाणं बरं दिसत नाही. मी फ्रीजच्या दाराआड उभी राहून केळं खायचे. आमची मोठी कन्या शाळेत जायला लागली आहे आणि सत्य बोलावं हे तिला नुकतंच शिकवलंय. पाहुण्यांनी बैठक भरलेली असताना ती दारात येऊन म्हणाली, "दादी, अम्मीने आत्ता केळं खाल्लं. काल पण खाल्लं होतं."

पोरगा दूध सोडून भाताकडे वळला आणि माझे रोजे परत सुरू झाले. आता मीठ कोण चाखणार? यावर मला एका जुन्या ग्रंथाचा आधार सापडला. सतराव्या शतकात औरंगजेबाच्या हुकमावरून हनफी उलेमांनी 'फतावा-ए-आलमगिरी' सिद्ध केला. त्यात असं आहे की रोजात विनाकारण काही चाखू नये. पण नवरा तिरसट स्वभावाचा असेल तर बायकोने जिभेवर ठेवून चाखायला हरकत नाही, अर्थात गिळायचं नाही. बादशाही काझी इतका बारीक विचार करतील असं मला वाटलं नव्हतं. अडचण एवढीच की माझा नवरा तिरसट नाही. अळणी वरणही तो मोबाइल बघत खातो. तिरसटपणाचं खातं घरात दुसऱ्या व्यक्तीकडे आहे, आणि ग्रंथ लिहिणारे सगळे पुरुष असल्यामुळे सासूचं कलम त्यात राहून गेलं आहे. मी आता अंदाजाने मीठ घालते. कमी पडलं तर लोणचं आहे.

कन्येलाही रोजा धरायचा होता. लहान मुलांवर रोजा फर्ज नाही, हे तिला पटेना. कोल्हापूरहून नानीने फोनवर तोडगा दिला, दाढेचा रोजा. उजव्या दाढेचा रोजा, डावीकडून खायचं. दमलीस की बाजू बदल. पोरीने पूर्ण निष्ठेने दुपारपर्यंत डावीकडून पराठा, द्राक्षं आणि चॉकलेट खाल्लं. मग विचारलं, "पाणी कुठल्या बाजूने प्यायचं?" हा प्रश्न दोन्ही इमामांपुढे ठेवण्यासारखा आहे.

समोरच्या दारातल्या काकू हे सगळं जवळून बघतात. "पाणीसुद्धा नाही?" असं त्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, आता मगरीब किती वाजता आहे ते विचारतात. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण त्यांनीच हसत सांगितली. आमचं इफ्तार बघितल्यावर दुप्पट हा आकडा बदलावा लागेल, असंही त्यांचं मत आहे.

एकादशीशी आमचा संबंध तसा जुना. 2022 आणि 2023, लागोपाठ दोन वर्षं आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. यात चमत्कार नाही. एकादशी अकराव्या तिथीला, बकरी ईद जिल्हजच्या दहाव्या तारखेला. आमचा महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो म्हणून एखादा दिवस मागे, आणि गाडी बरोबर एका फलाटावर. कुर्बानीला निदान तीन दिवसांची मुभा आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी ती दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं, तसं सासूबाईंनीही ठरवलं. ईदच्या दिवशी आमच्याकडे शिरखुर्मा होता आणि काकूंकडून साबुदाण्याची खिचडी आली. जिरं घातलेली, दाण्याचं कूट सढळ. बकरी ईदला शेंगदाणे चघळणारं आमचंच एक घर असावं असं मला वाटलं होतं, पण माहेरी फोन केला तर तिथेही तेच चाललं होतं.

मग अधिक श्रावण आला आणि ही जोडी फुटली. हिंदू पंचांग साधारण तीन वर्षांनी एक जादा महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. हिजरी सालाला तडजोड मंजूर नाही. ते 354 नाहीतर 355 दिवसांत गाशा गुंडाळतं. त्यामुळे पुढची जोडी पाडव्याशी जमली. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा आणि 31 मार्चला रमजान ईद. पाडव्याचं श्रीखंड काकू सकाळी देत नाहीत. माणसासमोर श्रीखंड ठेवून त्याला सूर्यास्ताची वाट बघायला लावणं त्यांना अमानुष वाटतं. ते अजानच्या दहा मिनिटं आधी आलं. खजुरानंतर लगेच श्रीखंड-पुरी, आणि चंद्र दिसला म्हणून तिथूनच उठून मी शिरखुर्म्याच्या शेवया भाजायला घेतल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी शिरखुर्म्याचे दोन वाडगे घेतले आणि साखरेची गोळी वाढवली.

आता सासूबाईंचं लक्ष 2030 वर आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे त्या साली रमजान दोनदा लागणार, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबर संपता संपता. त्यांनी आत्ताच मला बजावून ठेवलं आहे की नारळ दुप्पट लागतील. कन्येने बोटांवर हिशेब केला, मग वडिलांकडून करून घेतला, आणि तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या रमजानची ईद 2031 मध्ये जाते.

"म्हणजे रमजान दोन आणि ईदी एकदाच?"

"एकदाच," दादी म्हणाल्या.

"हे कुठल्या इमामांनी ठरवलं?"

सासूबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवलं. "तिच्या."