कलम ३२२

मला सोयाबीनची अ‍ॅलर्जी आणि सासुरवाडी लातूरची. ज्या दाण्याने जावयाच्या अंगावर गांधी उठतात, त्याच दाण्यावर सासऱ्यांचं वर्षाचं गणित बसतं. "काळजी नको जावईबापू, आपण सोयाबीन फक्त पिकवतो अन् विकतो, खात नाही," सासरे छातीठोकपणे सांगतात. तेवढ्यात सासूबाई गरम पोळी वाढतात. गव्हात पौष्टिक म्हणून काय दळलंय, ते त्या पोळी ताटात पडल्यावर सांगतात.

समोर दिसणाऱ्या सोयाची मला भीती नाही. बिर्याणीतल्या वड्या लांबूनच ओळखू येतात. लग्नात पनीरच्या नावाखाली वावरणारा टोफूसुद्धा मी चमच्याने दाबून पकडतो. खरा छुपा रुस्तम म्हणजे ३२२. बिस्किटाच्या पुड्यावर 'इमल्सिफायर (३२२)' असं दंडविधानातल्या कलमासारखं छापलेलं असतं. हे लेसिथिन. सोयाबीनचं तेल शुद्ध करताना जो चिकट गाळ निघतो, त्यातून ते मिळतं आणि चॉकलेट नीट ओघळावं म्हणून त्यात घालतात. बरं, ते सूर्यफुलाचंही असू शकतं, म्हणजे नुसत्या आकड्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. २०२०च्या लेबलच्या नियमांनुसार सोया असेल तर तसं वेगळं लिहावं लागतं. लिहितातही बिचारे, पण नेमकं पुड्याच्या जोडाखाली, मुंगीने वाचावं अशा अक्षरात. मी मोबाइलचा टॉर्च लावून जोड उलगडू लागलो, की दुकानदार विचारतो, "घ्यायचंय की नुसतं वाचायचंय?"

तेलाला या नियमातून सूट आहे. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, म्हणून माझ्या डॉक्टरांनी मला तेवढी मुभा दिलीय. त्यामुळे वडा चालतो, चौकशी पावाची करावी लागते. आणि पाववाल्याला पिठाबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या खानदानावर शंका घेणं.

हॉटेलात तर लेबलही नसतं. "मंचुरियनमध्ये सोया आहे का?" असं विचारलं तर वेटर आत जाऊन, खात्री करून येतो. "नाही साहेब, सोया अजिबात नाही. फक्त तो काळा सॉस घातलाय."

परवा अशक्तपणासाठी व्हिटॅमिनच्या कॅप्सूल आणायला गेलो. सवयीने खोकं फिरवून पाहिलं, तर तिथेही सोया लेसिथिन! औषधवाल्याला दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि मला समजावलं, "अहो काका, हे औषध आहे. हे कुठे खायचंय? गिळायचंय."