दहा सेकंदांसाठी भोकरदन

एकासनी शर्यतगाडी, म्हणजे जिच्यात चालकाखेरीज दुसऱ्या जिवाची सोय मुद्दामच केलेली नसते, जिची चाके अंगाबाहेर उघडी असतात आणि जिच्यात शिरण्यासाठी पुष्कळदा स्टिअरिंगच आधी उपसून बाजूला ठेवावे लागते अशी गाडी, ही व्याख्या युरोपात निर्वेध चालते. जालन्याहून भोकरदनकडे निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपपाशी मात्र ती अडखळते. या जीपमध्ये चालकाची जागासुद्धा एकट्याची नसते. त्याच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे, म्हणजे चालक व दार यांच्यामधल्या, पदार्थविज्ञानाला अद्याप अज्ञात असलेल्या पोकळीत एक, असे तीन प्रवासी स्थिरावल्यावर चालक उरलेल्या कडेवर टेकतो, आणि आणखी कोणी येते का हे पाहण्यासाठी पुन्हा खाली उतरतो. एकासनी गाड्यांच्या स्प्रिंट शर्यतीचा अभ्यास करण्यासाठी निघालेल्या प्रवाशाला पहिला पाठ असा जालन्यातच, आणि तोही उभ्या गाडीत मिळतो.

स्प्रिंट म्हणजे गाड्यांनी एकमेकींच्या अंगावर न जाता, बहुधा एकेकीने, उभ्या जागेवरून सुटून ठरावीक छोटे अंतर घड्याळाविरुद्ध कापणे. इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्श या गावी १९०५ पासून अशाच जातीची एक शर्यत टेकडी चढत होत आली असून तिची लांबी अवघी १००० यार्ड, म्हणजे सुमारे ९१४ मीटर आहे. प्रदर्शनी शर्यत हा याच कुळातला आणखी आखूड अवतार असून बर्मिंगहॅमच्या ऑटोस्पोर्ट प्रदर्शनात तर गाड्या चक्क छपराखाली पळवल्या गेल्या आहेत. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर डेव्हिड कुल्टहार्ड याने रेड बुलची फॉर्म्युला वन गाडी चालवून दाखवली. या प्रकारात गाडी कोठेही पोहोचत नाही. ती जाते, परतते आणि मधेच एका जागी गरागरा फिरून टायरांचा धूर काढते, ज्याला त्या धंद्यात डोनट म्हणतात. पोहोचण्याचा हेतूच नसलेल्या वाहनाकडे पाहण्यासाठी लोकांनी तासन्‌तास प्रवास करून यावे, हा विरोधाभास ज्याला नीट समजून घ्यायचा असेल त्याने वांद्र्याला न थांबता पूर्वेकडे निघावे, कारण शंकरपट हा बैलजोड्यांच्या शर्यतीचा खेळ विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्यात अजून जिवंत आहे.

भोकरदनच्या वाटेत राजूर लागते. गणपतीच्या या प्रसिद्ध स्थानापाशी जीपमधील निम्मे प्रवासी उतरतात आणि तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, चढतात. अंगारकी चतुर्थीला येथे जी गर्दी लोटते तिच्यात कोणतीही गाडी, मग तिला कितीही आसने असोत, माणसाच्याच वेगाने चालते.

भोकरदनला वेगाचे कौतुक नवे नाही, आणि लांबच्या मालवाहतुकीचेही नाही. प्राचीन भोगवर्धन ते हेच. उज्जैनहून प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जाणारा व्यापारी मार्ग येथून जात असे आणि भोगवर्धनच्या दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. केळणा नदीच्या काठी १९७३ मध्ये झालेल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा मिळाला असून, इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे नाते अभ्यासकांनी जोडले आहे. भोकरदनचा माल इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यात पोहोचत असावा, हे अनुमान वाचताना जीपमध्ये राजूरपासून अवघडलेल्या अभ्यासकाच्या मनात त्या मूर्तीविषयी असूया उत्पन्न होते.

वाट विचारण्याच्या शास्त्रातही या परिसराने मोठी भर घातली आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईच्या लढाईच्या दिवशी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा भोकरदनला असल्याची खबर होती. प्रत्यक्षात तो तळ भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरलेला निघाला आणि शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ सापडला. नदीला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असता, दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत त्या अर्थी मधून जाण्याची वाट असणारच, असा तर्क त्याने लढवला, आणि तो खरा ठरला. आजही भोकरदनमध्ये शंकरपटाची जागा विचारणाऱ्याला ‘हे काय, इथंच’ असे उत्तर मिळते आणि ते ‘इथंच’ पुढे दोन-तीन शिवारे ओलांडते. अशा वेळी वेलस्लीची पद्धत अवलंबून धुळीचा लोट कोठे उठतो ते पाहावे आणि तिकडे चालू लागावे, हे उत्तम.

पट म्हणजे पळण्यासाठी साफ केलेली सरळ पट्टी, आणि तिच्यावर पळते ती बैलजोडी व तिच्यामागचा छकडा. छकडा ही दोन चाकांची, अंगावर मांस नसलेली, केवळ हाडांचीच म्हणावी अशी गाडी असून तिच्यात चालकाखेरीज कोणाचीही सोय नसते. विदर्भात ज्याला धुरकरी म्हणतात त्या चालकाला आसन असे काही मिळतच नाही. कासरे हाती धरून तो कधी टेकलेला, कधी उकिडवा, तर कधी निव्वळ श्रद्धेवर तरंगत असतो. तेव्हा काटेकोर परिभाषेत छकड्याला एकासनी न म्हणता निरासनी म्हणावे लागेल, आणि या कसोटीवर फॉर्म्युला वनची गाडी चैनीची ठरते. अनेक पटांत जोडीला लागलेला वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजतात. म्हणजे ज्या परिसरात एसटीची वेळ ‘येईल आता’ या एककात सांगितली जाते, तेथे बैलाची वेळ दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक असते. पुणे जिल्ह्यात जुन्नर-खेडकडे हाच खेळ ‘घाट’ नावाच्या चढत्या धावपट्टीवर चालतो, प्रत्येक धावेला ‘बारी’ म्हणतात आणि गाड्याच्या पुढे घोडी धावते. शेल्सली वॉल्शच्या चढाला घोडीची जोड सुचली नाही, ही त्या संस्कृतीची मर्यादा मानावी लागते.

छकड्याच्या इंजिनावर सर्वोच्च न्यायालयात जितका खल झाला, तितका पेट्रोलच्या इंजिनावर क्वचितच झाला असेल. ज्या प्राण्यांचे खेळासाठी प्रदर्शन करू नये त्यांच्या यादीत केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अस्वल, माकड, वाघ आणि सिंह यांच्या पंक्तीला बैलाला बसवले, आणि जन्मभर नांगर ओढलेला हा गृहस्थ एकाएकी सर्कशीतला कलावंत ठरला. ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त मोकळीक मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्त कायदा वैध ठरवला. नियमांनुसार धाव १००० मीटरपेक्षा लांब असू नये, म्हणजे शेल्सलीहून ८६ मीटर अधिक चालतील; जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाचा दाखला हवा, आणि चाबूक, पराणी, शेपटी पिरगाळणे हे सर्व वर्ज्य. या अटी जाचक आहेत अशी कुरकुर पटावर ऐकू येते, पण ती मान्य करण्याजोगी नाही. मोटारींच्याही शर्यतीआधी तपासणी होते, आणि तेथे तर इंजिनाला दुखत नाही.

शर्यत स्वतः मात्र वर्णनाला सापडत नाही. ध्वनिक्षेपक जोडीमालकाचे नाव, गाव, तालुका आणि बैलांची नावे सांगतो, देणगीदारांची यादी वाचतो, पट्टीत शिरलेल्या पोरांना बाहेर काढतो, ते पुन्हा आत येतात, तो पुन्हा काढतो, आणि अभ्यासक चष्म्यावरची धूळ पुसायला घेतो तोच जोडी निघून जाते. चष्मा डोळ्यांवर परत येईपर्यंत वेळ जाहीर झालेली असते.

परतीच्या जीपमध्ये त्याला उजवीकडची, दारालगतची जागा मिळते. राजूरच्या अलीकडे चालक, दोन्ही बाजूंनी पुरता दाबला गेल्यामुळे, डावीकडच्या म्हाताऱ्याला म्हणतो, ‘बाबा, तेवढा तिसरा टाका,’ आणि म्हातारा पिशवी मांडीवरून न हलवता गिअर टाकतो.