जावयाच्या घरचा जिना

श्टुटगार्ट,
रविवार

ती. अक्कास,
बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. सुमनला इथली हवा मानवली, माझ्या गुडघ्यांना मात्र हे गाव मानवेना. खोलगट दरीतलं शहर, चारी बाजूंनी चढ. पूर्वी या उतारांवर द्राक्षमळे होते, त्यांत चढायच्या पायऱ्या तशाच राहिल्या. असे चारशेवर जिने आहेत म्हणे. जेजुरी चढली की निदान पुण्य तरी पदरात पडतं. इथे दुधाची पिशवी पडते.

पण तुला सांगायचंय ते घरातल्या जिन्याचं. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर मुठीला एक पाटी लटकलेली. मी दचकलो. म्हटलं, भाडं थकलं की काय! जावईबापू शांतपणे म्हणाले, "केरवोखे." या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायची पाळी आपली, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला. मी म्हटलं, बाई लावा की. तर म्हणतात, "बाबा, बाईचा तासाचा दर ऐकलात तर तुम्हीच ते काम धराल." लेक-जावई गेले ऑफिसला, सुमनचे हात कणकेत. राहिलं कोण?

तुला मुलगा होईपर्यंत आप्पा तुझ्या घरी पाण्याचा थेंब प्यायले नाहीत. त्यांचा हा मुलगा परवा जावयाच्या घरचा जिना ओणवा होऊन पुसत होता! वर देखरेखीला तळमजल्यावरच्या आजी. बोलल्या काही नाहीत. कठड्याखालच्या जळमटाकडे फक्त बोट केलं. आपल्या आत्याची आठवण झाली गं.

आणि ही आजींची खोड नव्हे, परंपरा आहे. कोलंबस भारत शोधायला निघाला त्याच 1492 साली इथल्या सरदाराने हुकूम काढला होता, की प्रत्येकाने दर आठवड्याला आपल्या दारची घाण गावाबाहेर नेऊन टाकावी. पुढे राजे गेले, दोन महायुद्धं झाली, झाडू राहिला. 1988 साली महापौरांनी दारापुढचा रस्ता दर आठवड्याला झाडायची सक्ती सैल केली, पण आजींपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही. गंमत म्हणजे 1968 पासून हे शहर आणि आपली मुंबई भगिनी-शहरं आहेत. झाडू-फडकं सगळं या बहिणीच्या वाट्याला आलं. दुसरीच्या वाट्याला काय आलं, ते दादरला उतरलीस की तुला दिसतंच.

कचऱ्याचं शास्त्र तर सोवळ्याहून कडक. काचेला तीन पेट्या : पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली असेल तर? ती हिरवीत. पण रविवारी टाकायची नाही, खळकन आवाज होतो ना! रविवारी इथे आवाज निषिद्ध आणि दुकानं बंद. मिक्सरसुद्धा लावायचा नाही. लेक चटणी शनिवारीच वाटून ठेवते. म्हणून तर आज तुला पत्र लिहायला सवड झाली.

पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घातली की चिठ्ठी मिळते, ती पैशासारखी चालते. सुमनला हे कळल्यापासून ती फिरायला पिशवी घेऊन निघते. पन्नास तोळ्यांची हौस असलेली बाई, पण बाकाखाली बाटली दिसली की पाय अडखळतात तिचे.

इथला एक पदार्थ तुला आवडेल, म्हणजे त्यामागची युक्ती आवडेल. कणकेच्या पापुद्र्यात सारण भरून उकडतात, आपल्या उकडीच्या करंजीचा मोठा भाऊच. सारण खिम्याचं. गोष्ट अशी सांगतात, की उपासाच्या दिवसांत मठातल्या साधूंनी मांस कणकेत लपवलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. आपण बरे, साबुदाण्याची खिचडी देवादेखत दोन वाट्या खातो. लेक माझ्यासाठी पालकाचं सारण करते.

सगळंच काही वेळेवर चालतं असं समजू नकोस. मुख्य रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम 2010 साली सुरू झालं, 2019 ला संपायचं होतं. अजून चाललंय. पत्र्यांच्या कडेकडेने प्रवासी निमूट वळसे घालतात. ते बघून मला पहिल्यांदा इथे आपल्यासारखं वाटलं.

कुणी इकडे येणार असेल तर गोडा मसाला आणि थोडी आमसुलं पाठव. पत्र सगळ्यांना वाचून दाखव, फक्त विहीणबाई आल्या तर जिन्याचा मजकूर गाळ. त्यांच्या मुलाच्या घरी व्याही फडकं मारतात हे कळलं, तर दिवाळीला त्या मला पाट मांडतील की बादली, सांगता येत नाही.

तुझा,
बाळू