उतारशाळेचं बिल

वसईतल्या सश्रद्ध ख्रिस्ती माणसाला शेजाऱ्यावर प्रेम करायला सवड मिळत नाही, याचं मुख्य कारण चर्च. रविवारी मिस्सा, मग पॅरिश कौन्सिलची मीटिंग, मधल्या वारी नोव्हेना, रात्री क्वायरची तालीम आणि उपवासकाळात ‘शेजारप्रीती’वर व्याख्यान. एवढ्या ठिकाणी वेळेवर पोहोचायचं तर वाटेत शेजारी भेटून परवडत नाही. भेटलाच तर स्कूटर न थांबवता मान हलवायची.

उरलासुरला वेळ विरार फास्ट खाते. ‘माझा शेजारी कोण?’ असं येशूला एका शास्त्र्यानं विचारलं होतं. आमच्या डब्यात हा प्रश्न केव्हाच निकालात निघालाय: जो भाईंदरच्या खाडीपलीकडे उतरतो तो. बोरिवलीला उतरणारा चर्चगेटला चढलाच, तर त्याला दारापर्यंत येऊ द्यायचं की थेट विरार दाखवायचं, यावर सर्वधर्मीय एकमत असतं. हेच लोक आपल्या माणसाला चौथी सीट मिळावी म्हणून हाडं आवळून सरकतात.

शास्त्र्याला येशूनं उत्तरादाखल शोमरोन्याची गोष्ट सांगितली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला बघून याजक बाजूनं निघून गेला, मंदिरसेवक लेवीही गेला; थांबला तो परका शोमरोनी. याजकाला मंदिरात उशीर होत असेल, म्हणून मी नेहमी त्याची बाजू घ्यायचो. पण शुभवर्तमानात लूक लिहितो की तो खाली चालला होता. वाट मंदिराच्या यरुशलेमहून यरीहोला जाणारी; यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. म्हणजे गडी ड्यूटी आटपून निघालेला, संध्याकाळच्या गाडीचा! मला त्याचा आणखीच कळवळा आला.

अमेरिकेत डार्ली आणि बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी तर घाईतला माणूस थांबतो का, याची परीक्षाच घेतली आणि १९७३ साली निकाल छापला. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातले ४० विद्यार्थी. त्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत भाषणाला पाठवलं. काहींचा विषय नेमका हाच शोमरोनी. वाटेत एका दारात कण्हणारा, खोकणारा माणूस बसवून ठेवलेला. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातला दहांत एक थांबला. निवांत निघालेल्यांतले ६३ टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर शोमरोन्यावर बोलायला त्या माणसाला ओलांडून गेले. मंडळी आमच्या पॅरिशमध्ये सहज खपली असती.

मग शोमरोनी रिकामटेकडा होता का? छे! प्रवचनात हे कुणी सांगत नाही, पण त्यालाही कामं होती. त्यानं जखमा बांधल्या, माणसाला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेलं, रात्रभर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी रखवालदाराच्या हातावर दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी ठेवली. वर लागले तर परतताना देईन म्हणाला आणि निघाला. दौरा रद्द नाही, रजेचा अर्ज नाही.

हा शोध मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितला. ताजा पुरावाही होता: पडलेल्या शेजारच्या आजींना मीच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं होतं आणि आमच्याकडे आणून सोडलं होतं. त्यानंतर माझी गाडीची वेळ झाली.

“म्हणजे तुम्ही शोमरोनी,” बायको आजींच्या पथ्याची पेज ढवळत म्हणाली, “आणि रखवालदार मी.”

“अगदी बरोबर!”

“त्याला पैसे आगाऊ मिळाले होते.”