खान्देशात अंगात येताना: नवख्या जाणिवांसाठी सूचना

परग्रहावरून पहिल्यांदाच कुणाच्या अंगात शिरायला निघाला असाल, तर लपून राहण्याचा विचार आधी सोडा. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'द पपेट मास्टर्स' (१९५१) या कादंबरीतले परग्रहवासी माणसाच्या पाठीला चिकटून ताबा घेतात आणि कपड्यांखाली दडतात. अमेरिकेत ते काही काळ खपलं. जळगाव-धुळ्यात दुसऱ्या जांभईलाच बोभाटा होतो. आळीतली एखादी आजी हळदकुंकू घेऊन समोर बसते आणि विचारते, "कोन शे तू? तुले काय जोयजे?"

उत्तर तयार ठेवा. आकाशगंगेतला पत्ता सांगू नका. फेडायचा राहिलेला नवस सांगा, लगेच पटतो. बोलायचं अहिराणीत. यावल-रावेरकडे उतरलात तर मात्र लेवा गणबोली, कवयित्री बहिणाबाईंची.

मुहूर्त श्रावणातला, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. त्या दिवशी कानबाई देवी बसते. नारळाला नथ, दागिने, रात्रभर गाणी. सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. वाजंत्री चढली की कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतंच, त्या गर्दीत तुम्ही खपून जाल. नैवेद्याच्या रोटांवर डोळा ठेवू नका, ते भाऊबंदांपुरतेच असतात.

खरी अडचण पुढे आहे. जिच्या अंगात शिराल, तिलाच बरंच बोलायचं असतं. वर्षभर गिळलेलं त्या दिवशी सासूसमोर एकेरीत बाहेर पडतं आणि सासू हात जोडून म्हणते, "माय, काय चुकनं आमनं?" पृथ्वी जिंकण्याची तुमची मोहीम तेवढा वेळ थांबवा. मध्ये बोलू नका. बोललात तरी ऐकणार कोण?

ताकद दाखवायची हौस असेल तर बारागाड्या. माणसांनी भरलेल्या, एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या भगत ओढतो, दोन्ही बाजूंनी बगले त्याला सांभाळतात. नवशिक्यानं या भानगडीत पडू नये. गाड्यांनी एकदा वेग घेतला की त्या थांबवणं अवघड, आणि चाकाखाली येतं ते भगताचं अंग, तुमचं नव्हे.

शेवटी कायदा. अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. तुम्ही निसटाल, तारखांना हजर राहायचं ते झाडानं, म्हणजे ज्याच्या अंगात शिरलात त्यानं.